भागुराम मिस्त्री आणि वकिलांचं वाकडं स्टिअरिंग

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ तर कधी जमलंच नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, पुढे हातात राहिला तो कापडावर खुणा करायचा खडू. ही वही चुकून कुणाच्या हाती पडली तर त्यांनी चुका पोटात घालाव्यात. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. राग आला आहे, आणि तोंडानं बोलायची मला सवय नाही, म्हणून लिहिते.

गेल्या रविवारी भाचा मला त्याच्या गाडीतून दादरला घेऊन गेला. गाडी जुनीच आहे. हिंदमातापाशी माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. गाडी सरळ चालली होती आणि स्टिअरिंग डावीकडे कललेलं, भिंतीवरची तसबीर कलावी तसं.

"हे असं का रे?" मी विचारलं.

"कालच चाकांचं अलाइनमेंट करून आणलंय मावशी. तेव्हापासून वाकडं झालंय. गॅरेजवाला म्हणाला, काही होत नाही, सवय होईल."

सवय होईल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाच्याला वाटलं मावशीला गाडी लागली. त्याला काय सांगू? मला भागुराम मिस्त्री आठवले होते.

लालबागला आमची खोली तळमजल्यावर होती. माझे मालक गिरणीत कामाला होते. खिडकीला लागून माझं शिवणयंत्र, आणि खिडकीसमोर, सगळे ज्यांना आबा म्हणत त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रे आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. आबांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लागणाऱ्या सीटच्या खोळी मी शिवून देत असे. त्यामुळे यंत्र चालवता चालवता दिवसभर समोरचं सगळं दिसायचं, ऐकू यायचं. मी कुणाशी फारसं बोलत नसे.

भागुराम मिस्त्री आबांकडे कामाला होते. उंच, किडकिडीत, एक खांदा जरा खाली. काम सुरू करण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि बॉनेटवर हात ठेवून विचारायचे, "काय बाई, कुठं दुखतंय?" काम संपलं की आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग लाकडाच्या भुशानं चोळायचे, मग साबणानं. नखं उजेडात धरून बघायचे. मग खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट घालायचा, खिशाला पेन लावायचं, वर्तमानपत्राची घडी काखेत मारायची आणि घरी निघायचं. आबा चेष्टा करायचे, "भाग्या मॅजिस्ट्रेट निघाला बघा!" ते मागे न बघता म्हणायचे, "मॅजिस्ट्रेटची गाडी तुम्ही सांभाळा, मी माणूस सांभाळतो." म्हणजे काय ते कुणाला कळत नसे, पण सगळे हसायचे.

चाकांच्या कामात त्यांचा हात धरणारा आमच्या बाजूला कुणी नव्हता. पुढची दोन चाकं एकमेकांशी नीट जुळलेली आहेत की नाही हे ते सुतळीनं बघायचे. ती साधी सुतळी नव्हे. शीव कोळीवाड्यातून एका ओळखीच्या कोळणीकडून जाळ्याचं सूत आणायचे, ते ताणलं तरी वाढत नाही म्हणून. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सूत ताणायचं आणि खाली बसून एक डोळा मिटून बघायचं.

स्टिअरिंगसाठी त्यांना लागायचा लाल दोरा. तो माझ्याकडचा.

"वहिनी, वीतभर दोरा द्या. लाल."

दोरा मी द्यायची नाही, सासूबाई द्यायच्या. खिडकीशी यायच्या आणि वरून सोडायच्या. मिस्त्रींनी खाली ओंजळ धरायची, दोरा तरंगत त्यात पडायचा. कधी वाऱ्यानं जमिनीवर जायचा, मग ते वाकून उचलायचे. त्यांना आधी महार म्हणत. पुढे नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, बौद्ध झाले. पण सासूबाईंचा दोरा त्यानंतरही वरूनच पडत राहिला. एकदा मिस्त्रींनी अगदी गंभीर तोंडानं विचारलं, "काकू, वारा दोऱ्याला शिवला तर चालतं ना हो?" सासूबाई चार दिवस खिडकीकडे फिरकल्या नाहीत. त्या चार दिवसांत दोरा मी दिला. मीही वरूनच सोडला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं ते लिहायला हवं.

तो दोरा ते स्टिअरिंगच्या चाकाला वरच्या बाजूला बांधायचे. मग चाक एका बाजूला पार टोकापर्यंत फिरवायचं, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि दोरा किती वेळा वर आला ते मोजायचं. साडेतीन फेरे भरले तर पावणेदोन फेरे परत. तो मध्य. "आधी मधलं शोधायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मध्य सापडला की स्टिअरिंग तिथंच धरून ठेवायचं आणि मग खाली शिरून दोन्ही चाकं वळवणाऱ्या दांड्या सारख्या करायच्या. एका बाजूला जेवढे आटे सोडायचे, दुसऱ्या बाजूला तेवढेच आवळायचे. घाईचे लोक एकाच बाजूची दांडी पिळतात. चाकं जुळतात, पण स्टिअरिंग वाकडं होतं.

आबांचा दुसरा मिस्त्री शंकर हा अशा घाईच्या लोकांतला. त्याच्याकडे एक सोपा उपाय होता. वाकडं झालेलं स्टिअरिंगचं चाक वरचा नट काढून उपटायचं आणि सरळ करून परत बसवायचं. पाच मिनिटांचं काम. एकदा एक म्हातारा टॅक्सीवाला तक्रार घेऊन आला.

"मिस्त्री, गाडी सीधी जाती है, स्टिअरिंग टेढा. शंकर बोलता है, खोल के सीधा बिठा देगा."

"तो बिठा लो," भागुराम मिस्त्री म्हणाले. "गाडी का फोटो निकालना है क्या?"

म्हातारा हसला आणि गाडी त्यांच्याच ताब्यात दिली. दुपारी ते पाणी प्यायला थांबले तेव्हा मी खिडकीतून हळूच विचारलं, "सरळ बसवलं तर बिघडतं काय?"

"वहिनी, खोळ कापताना तुम्ही आधी काय करता?"

"कापड दुमडून मध्यावर खडू मारते."

"आणि मध्य चुकला तर?"

"उसवते."

"बघा! आणि हा शंकर सांगतो, बटणं सरकवून लावा, खोळ सरळ दिसेल. दिसेल हो. पण आतला मध्य हललेला तो हललेलाच. गाडी उजवीकडे खुशाल वळेल आणि डावीकडे रडेल. एक दिवस वळायचं असेल आणि वळणार नाही."

त्या वर्षांत लालबाग-परळ म्हणजे रोज काही ना काही असायचं. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे, म्हणून सभा, मोर्चे, प्रभातफेऱ्या. आमच्या चाळीच्या चौकात गिरगावचे एक मोठे वकील भाषणाला येत. नाव लिहीत नाही, त्यांची मुलंबाळं आहेत. जुनं घराणं, दोन पिढ्या सरकारी नोकरीतल्या, स्वतःच्या मालकीचं घर. आवाज खणखणीत. ते म्हणायचे, गिरणीतला, कोळीवाड्यातला, कचेरीतला, आपण सारे एकाच ताटात जेवणारे भाऊ आहोत. मी ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहून ऐकायची. टाळ्या सगळ्यात जोरात भागुराम मिस्त्रींच्या असायच्या.

सत्याग्रहात त्यांना पकडलं तेव्हाची गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. पोलिसांच्या गाडीत पंचवीस जण कोंबलेले, घोषणा चाललेल्या, आणि हे जाळीतून पुढे ड्रायव्हरकडे बघत बसलेले.

"हवालदारसाहेब, गाडी सरळ जातेय पण तुमचं स्टिअरिंग वाकडं आहे."

"गप बस!"

"बसतो. पण उजवीकडची दांडी बघून घ्या. टायर खाऊन टाकील."

तिसऱ्या दिवशी तोच हवालदार कोठडीच्या गजांशी आला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "कुठली दांडी म्हणालास रे?"

सुटून आलेल्यांचा आमच्या चौकात सत्कार झाला. वकीलसाहेबांनी एकेकाला हार घातला आणि मिठी मारली. भागुराम मिस्त्रींची पाळी आली तेव्हा हार घातला आणि हात जोडले. हार काय, लांबूनही घालता येतो. मिठी सगळ्यांना होती, त्यांनाच नव्हती. चौकात शंभर माणसं होती. ते कुणाला दिसलंच नाही की दिसूनही कुणी बोललं नाही, मला ठाऊक नाही. मीही बोलले नाही.

पुढे महिन्याभरात वकीलसाहेबांची गाडी आबांकडे आली. काळी, लढाईच्या आधीची विलायती गाडी, त्यांचा फार जीव तिच्यावर. पुढचं चाक कठड्यावर आदळून दांडी वाकली होती. भागुराम मिस्त्रींनी दांडी बदलली, सूत ताणलं, चाकं जुळवली. सीटला मी शिवलेली नवी पांढरी खोळ आबांनी सकाळीच चढवली होती. आता आत बसून मध्य शोधायचा राहिला होता. त्यांनी हात पुसले आणि गाडीचा दरवाजा उघडला.

"अरे अरे, तू नको!" वकीलसाहेब छत्री आडवी धरून म्हणाले. "नवी खोळ आहे. कपडे बघ तुझे. त्या शंकरला बसू दे."

शंकर नुकताच एका ट्रकचं तेल बदलून आला होता. त्याची अर्धी चड्डी तव्याच्या बुडासारखी काळी होती. तो धप्पकन बसला. माझ्या खोळीवर तेव्हाच हातभर डाग पडला. वकीलसाहेबांना तो डाग दिसला नाही. तेल सगळ्यांच्या कपड्यांना सारखंच लागतं, हे मला चौथी शिकलेलीला कळतं. वकिलीच्या परीक्षेत ते विचारत नसावेत.

भागुराम मिस्त्रींनी दरवाजा सोडला. त्यांनी शंकरला दोरा बांधायला लावला, बाहेर उभं राहून फेरे मोजले, मध्य काढून दिला. "शंकर, इथंच धर. मी खाली आवळतो. हलवू नको." आणि ते गाडीखाली गेले.

मी खिडकीत होते. वकीलसाहेब शंकरला काहीतरी विनोद सांगत होते. शंकर हसला, विडी शिलगावायला त्यानं एक हात काढला, दुसऱ्या हाताचा कोपर स्टिअरिंगवर टाकला. लाल दोरा वरून घसरून चार बोटं खाली आला. खालून आवाज आला, "धरलंय ना?" शंकर म्हणाला, "हो हो, आवळ तू." त्यांनी आवळलं. मग शंकरच गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "झकास, सरळ आहे." वकीलसाहेबांनी बारा रुपये दिले आणि गेले.

दोन दिवसांनी ते परत आले ते तणतणतच.

"आबा, हे काय काम आहे? गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं! कुणी केलं हे?"

"भाग्यानं," आबा म्हणाले. शंकर पान्हे मोजत राहिला.

भागुराम मिस्त्री पुढे आले. त्यांनी खिडकीतून आत बघितलं. त्यांना सगळं समजलं असणार, कारण ते शंकरकडे बघून एकदाच हसले. मग म्हणाले, "साहेब, मला पाच मिनिटं आत बसू द्या. अर्ध्या तासात सरळ करून देतो. खालून हे काम होत नाही."

"आधी कपडे बघ, सांगितलं ना!"

"बरं," ते म्हणाले आणि निघून गेले. आम्हाला वाटलं रागावून गेले. पंधरा मिनिटांनी परत आले. अंघोळ केलेली, केस ओले, अंगावर पांढरा सदरा आणि पांढरं धोतर. दीक्षेच्या वेळचे ते कपडे त्यांनी घडी करून ट्रंकेत ठेवले होते. त्या तेलकट जमिनीवर ते धोतर चिमटीत उचलून चालत आले आणि गाडीच्या दाराशी उभे राहिले. हाताचे पंजे पुढे केले, आधी पालथे, मग उताणे.

"साहेब, आता बघा. डाग आहे कुठं?"

 वकीलसाहेबांनी आभाळाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. एकाच ताटातले भाऊ म्हणणारा तो खणखणीत आवाज एकदम खाली आला.

"मला कोर्टात जायचंय," ते अखेर म्हणाले. "शंकर, तू बघ रे काय करायचं ते."

शंकरनं नट काढला, चाक उपटलं, सरळ करून बसवलं. पाच मिनिटं. पांढऱ्या कपड्यांतले भागुराम मिस्त्री तिथंच उभे राहून बघत होते. "साहेब, हे नुसतं दिसायला सरळ आहे," एवढंच म्हणाले. वकीलसाहेबांनी आपले बारा रुपये आबांकडून परत घेतले. आबांनी ते भागुराम मिस्त्रींच्या पगारातून कापले, आठवड्याला तीन, असे चार आठवडे. त्याहून वाईट म्हणजे त्या दिवसापासून आबा गिऱ्हाइकांना सांगू लागले, "चाकांचं काम शंकरकडे द्या, भाग्याच्या हातात राहिलं नाही आता." त्यांच्याकडे राहिलं ते पंक्चर काढणं आणि ग्रीस मारणं.

पैसे गेल्याचं त्यांना फार नव्हतं. पण एकदा खिडकीशी येऊन म्हणाले, "वहिनी, माझं काम वाकडं झालं असं लोक म्हणतात. झालं का हो?" मला सांगता आलं असतं. मी पाहिलं होतं. पण मागे सासूबाई माळ ओढत होत्या, आणि आबांकडचं शिवणकाम जाईल ही भीती होती. मी मान खाली घालून यंत्र चालवत राहिले. ते थोडं थांबून गेले. त्या माणसांचा राग करते तेव्हा त्यात माझाही एक वाटा असतो.

यानंतर दोनेक वर्षं गेली. मग महाराष्ट्र राज्य होणार हे पक्कं झालं. चाळीला तोरणं लागली, गल्लीगल्लीत कमानी उभ्या राहिल्या. भागुराम मिस्त्रींना बसच्या डेपोत नोकरी लागली होती आणि अँटॉप हिलला बिऱ्हाड हलवायचं ठरलं होतं. आबांकडचा तो त्यांचा शेवटचा आठवडा. शंकर उन्हाळ्याचा गावी गेलेला.

उद्या मिरवणूक, आणि आज दुपारी वकीलसाहेबांची गाडी हजर. उजव्या बाजूचा पत्रा खरवडलेला. गिरगावात एका बोळाच्या तोंडाशी डावीकडे वळताना गाडी वळलीच नव्हती, भिंतीला घासली होती. आणि उद्या ती मिरवणुकीत पुढे हवी होती.

"शंकर नाही," आबा चाचरत म्हणाले. "भागुराम आहे."

भागुराम! त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून पूर्ण नाव निघालं.

भागुराम मिस्त्री पुढे आले. नेहमीच्याच तेलकट कपड्यांत. "बसून बघावं लागेल," ते म्हणाले.

"बस की. कोण नको म्हणतंय?" वकीलसाहेब म्हणाले. जणू कधीच कुणी म्हटलं नव्हतं.

"वहिनी, दोरा."

सासूबाई उठू लागल्या. मी त्यांच्या आधी उठले. दोरा घेतला, दाराबाहेर गेले, गॅरेजच्या पत्र्याखाली गेले. लग्न होऊन आल्यापासून मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. मी दोरा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कामाला लागले.

उपटून लावलेलं चाक त्यांनी आधी त्याच्या मूळ खुणेवर बसवलं. मग फेरे मोजले, मध्य काढला, आबांनाच आत बसवून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायला लावलं, सूत ताणलं, खाली शिरले. आटे सोडले, आटे आवळले. मग स्वतः बसले, वकीलसाहेबांना शेजारी बसवलं आणि गाडी रस्त्यावर नेली. परत आले तेव्हा दोरा बरोबर वर होता. वकीलसाहेब खूष होऊन उतरले.

"वा! लोण्यासारखी चालते. किती झाले?"

भागुराम मिस्त्री उतरले नाहीत. इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. "आजचे काही नाहीत. उद्या महाराष्ट्र होतोय, माझ्याकडून तेवढं. मागचे बारा द्या."

"कसले बारा?"

"माझ्या पगारातून कापलेले."

"अरे, जाऊ दे ना आता," आबा म्हणाले. "चांगल्या दिवशी कशाला?"

"चांगल्या दिवशीच फिटलेले बरे."

"हे बघ," वकीलसाहेबांचा आवाज चढला. "तेव्हा काम तू वाकडं केलंस. ऊठ आता."

"मिळेपर्यंत उठत नाही. सत्याग्रह तुम्हीच शिकवलात."

वकीलसाहेब स्वतःच्या गाडीबाहेर छत्री धरून उभे आणि मिस्त्री आत पांढऱ्या खोळीवर. मी अजून तिथंच उभी होते. माझ्या तोंडून शब्द निघाले ते माझे मलाच लांबून ऐकू आले.

"शंकरचा हात हलला होता. मी पाहिलंय. दोरा चार बोटं खाली आला होता. हे गाडीखाली होते, यांना दिसणार कसं?"

 खिडकीत सासूबाईंची माळ थांबली होती. आबा जमिनीकडे बघू लागले. वकीलसाहेबांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढलं, दहाची नोट घेतली आणि दाराच्या खिडकीवर उंच धरली, खाली सोडायला. भागुराम मिस्त्रींनी ओंजळ केली नाही.

"हातात द्या," ते म्हणाले.

नोट हवेत तशीच राहिली. मग ती हळूहळू खाली आली आणि वकीलसाहेबांची बोटं त्यांच्या तळहाताला टेकली.

"दोन राहिले."

"सुटे नाहीत."

"मला घाई नाही."

वकीलसाहेबांनी कोटाचे, सदऱ्याचे, मग परत कोटाचे खिसे चाचपले. एक रुपया निघाला, मग एक आठाणी, मग दोन पावल्या. प्रत्येक नाणं त्यांना हातात ठेवावं लागलं. भागुराम मिस्त्रींनी मूठ मिटली, खाली उतरले, खोळीला पडलेली सुरकुती हातानं सारखी केली. स्टिअरिंगचा दोरा सोडून माझ्या हातात दिला. मग रॉकेलनं हात धुतले, भुशानं चोळले, साबण लावला, नखं उजेडात धरून बघितली. शर्ट घातला, पेन लावलं, वर्तमानपत्र काखेत घेतलं आणि बारा रुपये खिशात टाकून गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. पूर्ण बारा.